झोपाळ्यावरची सहल

आमच्या घरात एकदा चोर शिरला होता, असं आमच्या गल्लीत आजही सांगतात. तो कोण होता हे मला माहीत आहे. आजवर मी ते कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही. पण चोराच्या आधी खालांबद्दल, सगळ्या गल्लीच्या मावशीबद्दल, सांगायला हवं. चोर एका संध्याकाळपुरता होता. खाला आमच्या भिंतीला भिंत लावून कितीतरी वर्षं राहत होत्या.

चावी हातात पडली की खाला ती आधी कानाशी नेऊन हलवायच्या. नारळात पाणी आहे का बघावं, तसं. मग तिला पदराच्या टोकात घट्ट गाठ मारायच्या आणि म्हणायच्या, “बेफिकर जावा. घर कुठं पळून चाल्लं?”

जालन्याचा माणूस सुट्टीला फार लांब जात नाही. लोणार, वेरूळ, अजिंठा, पैठण, शेगाव. डबा बांधून सकाळी निघायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धुळीनं भरून परत यायचं. नवं कॅलेंडर आलं की आमच्या गल्लीत सण नंतर बघतात; रविवारला कोणकोणत्या सुट्ट्या चिकटल्या आहेत ते आधी. अशी सुट्टी आली की आदल्या संध्याकाळी खालांच्या दारात चाव्या द्यायला माणसं जमायची. खाला घरी फॉल-पिकोचं काम करायच्या, त्यामुळे चिंध्यांना तोटा नव्हता. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी. रस्त्यांचे ठेके घेणाऱ्या कोपऱ्यावरच्या गुत्तेदारांची हिरवी, आमची जांभळी.

“भाभीच्या ब्लाउजातली हाय, भाऊ. इसरायची न्हाई मी.”

आपण निघालो की खालांचं काम सुरू व्हायचं. रिकामं घर चोराला लांबून ओळखू येतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या प्रत्येक बंद घर नांदतं ठेवायच्या. संध्याकाळी पुढच्या खोलीत दिवा लावायच्या. दांडीवर ओले कपडे टाकायच्या. दाराबाहेर आज एक चपलांचा जोड, उद्या दुसरा. स्वयंपाकघरात जाऊन रिकामा मिक्सर एकदा गरगर फिरवायच्या आणि रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं ओरडायच्या, “ओ भाभी, किती येळ तो चहा?” सकाळी उंबऱ्यापुढं सडा आणि रांगोळीसुद्धा.

रांगोळी त्यांना येत नव्हती. कशिद्याची फुलं येत होती, तीच त्या जमिनीवर काढायच्या. वेली, देठ, पाकळ्यांना टाके घातल्यासारख्या बारीक रेघा. गल्लीतल्या बायका हसायच्या. “खालाची रांगोळी दिसली की समजायचं, या घरात कुणी न्हाई.” चोरांना तेवढं कळत नव्हतं, म्हणून निभावलं.

एकदा माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, “खाला, एवढ्या घरांतून एकट्या फिरता, भ्याव न्हाई वाटत?”

खाला सुईत दोरा ओवत होत्या. “लई वाटतं, भाभी. रिकामं घर आवाज करतं. पाऊल टाकायच्या आदी मी अल्लाचं नाव घेते. मंग तुमच्या देवाला बी सांगते, बाबा, मी हाय, खाला.”

“मंग कशाला करता?”

“सगळेच जायले तर कुणीतरी राह्यला पायजे का न्हाई?”

“आमच्यासंगं चला एकदा. लोणारला.”

“हौ, येते की.” त्या हसल्या. “अन् चाव्या कुणाकडं देऊ?”

त्यांना रिकाम्या घराची भीती होती, मला भरलेल्या कपाटाची. मी एका बियाण्याच्या कंपनीत कारकुनी करतो. स्वभाव पहिल्यापासून शंकेखोर. सहलीला मी जायचो, पण मन कुलपापाशी राहायचं. लोणारच्या काठावर सगळे वाकून खालचं पाणी बघत होते, तेव्हा मी आठवत होतो, कपाटाची चावी बायकोनं डाळीच्या डब्यात ठेवली की गादीखाली. वेरूळला एवढा डोंगर कोरलेला, आणि माझ्या डोळ्यांपुढं आमची मागच्या दाराची कडी. मुलगी म्हणायची, “बाबा, फोटोत तरी हसा.”

ही भीती नुसती होती तोवर ठीक होतं. तिला कुणाचा तरी चेहरा मिळाला, तो आमच्या झोपाळ्यामुळे.

झोपाळा मागच्या व्हरांड्यात आहे. जाळीपलीकडे कढीपत्त्याचं झाड, मग मोकळी जागा, मग रेल्वेचे रूळ. झोपाळ्याची एक कडी वर्षानुवर्षं कुरकुरायची. तेल घालू-घालू म्हणत राहून गेलं होतं. एकदा आम्ही पैठणहून परत आलो, मी पाय धुऊन झोपाळ्यावर बसलो, आणि आवाज आला नाही. वर हात लावून पाहिलं. बोटाला पातळ तेल लागलं, शिलाई मशीनला घालतात ते. उशीला वेलचीचा वास येत होता.

दुसरा कुणी मनात म्हणाला असता, बरं झालं, कुरकुर गेली. मी म्हणालो, ही बाई इथपर्यंत येते. दिवा लावायला पुढची खोली पुरते. मागच्या व्हरांड्यात यायचं तर झोपायच्या खोलीवरून यावं लागतं, कपाटावरून.

त्याच दिवसांत गुत्तेदारांनी चहाच्या गाड्यावर विचारलं, “सायब, भाभीचे दागिने घरातच असतेत का?”

“का हो?”

“न्हाई, आपलं इचारलं. चाव्या देऊन राह्यलो आपण सगळे. बाई चांगली हाय, त्यात वाद न्हाई. पर कुणाचं काय सांगावं? त्यातून त्यांचं...”

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. मी ते मनात पुरं केलं. पुढं काय होतं, ते तुम्हालाही सांगायला नको. गुत्तेदारांना मी आजही दोष देत नाही. माझ्या डोक्यात जे दबा धरून बसलेलं होतं, त्याला त्यांनी हाक मारली, आणि त्यानं ओ दिली.

पुढं गांधी जयंती शनिवार-रविवारला जोडून आली. आम्ही अजिंठ्याचा बेत सांगितला. बायकोचं माहेर हसनाबाद. तिथं उतरून पुढं जायचं. खालांनी चावी कानाशी हलवली, पदरात बांधली. “बेफिकर जावा, भाऊ.”

हसनाबादला जेवणं झाली आणि मी बायकोला म्हणालो, कंपनीतून फोन आलाय, देऊळगाव राजाच्या गोदामात रब्बीचं बियाणं भरायचं आहे, आजची रात्र तिकडंच काढतो, उद्या येतो, मग अजिंठ्याला जाऊ. बायको खट्टू झाली. मुलीनं तोंड फिरवलं. मी एसटीनं सरळ जालन्याला आलो, रुळांच्या बाजूनं चालत मागच्या दाराशी पोचलो आणि माझ्याजवळच्या दुसऱ्या चावीनं घरात शिरलो; आतली कडी निघतानाच काढून ठेवली होती. उन्हाची वेळ होती. गल्लीतली निम्मी घरं बंद, बाकीची झोपलेली.

स्वतःच्या घरात लपून बसायची वेळ तुमच्यावर न येवो. पंखा लावता येत नाही. पाणी पिऊन पेला ठेवायचा तर खाली फडकं घालावं लागतं. व्हरांड्याला लागून आमची अडगळीची खोली आहे. तिथं पत्र्याच्या पेटीवर मी बसलो. फोनचा आवाज बंद करून तो पेटीवरच ठेवला. दार किलकिलं. मला घाम फुटला होता, आणि कशानं ते सांगता आलं नसतं. चोर येईल म्हणून भीती वाटावी, तर घरात लपलेला मीच होतो.

दिवे लागायच्या वेळेला पुढचं कुलूप वाजलं.

“भाभी, आले हो मी!” हे मोठ्यानं, रस्त्यासाठी. मग अगदी हळू, “या अल्ला. देवा, मी हाय, खाला.”

बटण वाजलं. मिक्सर फिरला. मग पावलं झोपायच्या खोलीत आली आणि कपाटापाशी थांबली.

इथं खरं सांगतो, कारण ते सांगायलाच बसलो आहे. कपाट उघडावं, असं मला त्या क्षणी वाटत होतं. मनापासून वाटत होतं. ते उघडलं नाही तर पेटीवर बसलेला हा माणूस कोण, याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं.

चादर झटकल्याचा आवाज आला. बायको घाईत बिछाना तसाच टाकून गेली होती. खालांनी घडी घातली असावी. मग त्या व्हरांड्यात आल्या.

त्यांच्या हातात लाल झाकणाचा थर्मास होता. चपला काढल्या. झोपाळ्यावर बसल्या आणि पायाच्या अंगठ्यानं जमिनीला रेटा दिला, शाळकरी पोरीसारखा. झाकणात वेलचीचा चहा ओतला. पदराच्या दुसऱ्या टोकातून बिस्किटं निघाली. परभणीकडं जाणारी गाडी गेली, तिच्याकडं त्या शेवटच्या डब्यापर्यंत मान वळवून बघत राहिल्या. मग त्यांचा फोन वाजला. लेकीचा होता, ती परतूरला दिलेली.

“हां बेटा. नहीं, घर पे नहीं हूँ. ट्रिप पे आई हूँ.” आणि त्या एकट्याच हसल्या. “अरे सच्ची! झूले पे बैठी हूँ, चाय पी रही हूँ. अब्बी तेरे गाँव की गाड़ी गई सामने से. कल? कल गुत्तेदार के छत पे. उनकी वो लंबीवाली कुर्सी है ना, उसपे. तू आ-आ बोलती है, गली की चाबियाँ किसको देऊँ, बता?”

फोन ठेवून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

इतकंच होतं. आम्ही घरं सोडून सहलीला जायचो आणि खाला आमच्या घरांत सहलीला यायच्या. चहा स्वतःचा आणायच्या, बिस्कीट स्वतःचं. सगळी कामं उरकून घटकाभर झोपाळा. कडी कुरकुरली की त्यांना भीती वाटत असणार, म्हणून तेल.

मी तिथून हळूच निघून जायचं ठरवलं. त्या उठल्या की जायचं. तेवढ्यात पत्र्याच्या पेटीवर माझा फोन थरथरला. बायको विचारत असेल, पोचलात का. पत्रा मोठ्यानं गुरगुरला.

झोपाळा थांबला.

“कोन हाय?”

“मी आहे, खाला.” एवढंच म्हणायचं होतं. लहान पोराला जमलं असतं. मी फोन उचलून दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरला. मी म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता, भाऊ, तुम्ही इथं काय करायले?

खाला उठून मागं सरकल्या. आणि मग त्यांनी तेच केलं, जे त्या रस्त्यासाठी करायच्या.

“गुत्तेदारसायब, तुम्ही मागून जावा! हवालदार, इकडं या, इकडं! सगळे जल्दी या!”

कुणी नव्हतं. गुत्तेदार त्या वेळी शेगावात होते. एकटी बाई अंधारत्या घरात नसलेल्या माणसांना हाका मारत होती, आणि प्रत्येक हाकेला तिचा आवाज फाटत होता. मग पळती पावलं, पुढच्या उंबऱ्यापाशी काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि एक किंकाळी. तशी किंकाळी मी आधी ऐकली नव्हती.

मी मागच्या दारानं निघालो. जाताना झोपाळ्यावरचा थर्मास उचलला. का उचलला, ते आजही धड सांगता येत नाही. त्यांचं बसणं लोकांना कळू नये म्हणून, असं म्हणायला मला आवडेल. पण त्या वेळी मी काहीच विचार केला नव्हता. चोर काहीतरी घेऊन पळतो, तसा मी पळालो.

बसस्टँडमागच्या बाकावर बसलो होतो तेव्हा आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा फोन आला.

“सायब, कुठं हाव?”

“देऊळगावला. कंपनीच्या कामाला.”

“जल्दी या. तुमच्या घरात चोर शिरल्ता. मागच्या दारानं पळाला. खाला पडल्यात, हात मोडल्यावानी दिसतो. दवाखान्यात चला म्हणलं तर उठंनात. उंबऱ्यावर बसून हायेत. म्हणतेत, भाऊ आल्याबिगर घर सोडायची न्हाई.”

“येतो,” मी म्हणालो.

पण मला लगेच जाता येत नव्हतं. देऊळगावहून यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला त्या बाकावर काढावा लागला. तेवढा वेळ खाला मोडलेला हात मांडीवर धरून माझ्या उंबऱ्यावर बसून होत्या. मी आजवर केलेल्या सगळ्या गोष्टींत हा बाकावरचा वेळ सगळ्यात वाईट आहे. मांडीवर त्यांचा थर्मास होता, आणि आतला चहा अजून गरम होता.

थर्मास पिशवीत तळाशी घालून मी गेलो. त्यांच्या साडीला सकाळची रांगोळी लागली होती. “बघून घ्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “काही नेलं न्हाई त्यानं. मी हलले न्हाई.”

उजवं मनगट मोडलं होतं.

गल्लीनं दोन दिवस त्यांचं कौतुक केलं. मग गुत्तेदार परत आले. चहाच्या गाड्यावर चारचौघांत म्हणाले, “चोर आला अन् काहीच नेलं न्हाई? कुलूप तोडलं न्हाई, कडी वाकवली न्हाई? चावी तर एकाच पदरात होती.” दोघंतिघं माना हलवत माझ्याकडं बघायला लागले. घर माझं होतं, बोलायचा मान माझा होता. मी चहावर फुंकर घालत राहिलो. चहा कधीच निवला होता.

हे बोलणं खालांपर्यंत पोचलंच. गल्लीत काय लपतं? प्लास्टरचा हात गळ्यात बांधून त्या घरोघर फिरल्या आणि डाव्या हातानं सगळ्यांच्या चाव्या परत केल्या. आमच्याकडं शेवटी आल्या. जांभळ्या चिंधीची चावी माझ्यापुढं धरली. या वेळी ती हलवली नाही.

“भाऊ, एक इचारू? घरात काही सापडलं का? कुणाचं काही... राह्यलेलं?”

थर्मास माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर होता, जुन्या गोधडीत गुंडाळलेला.

“न्हाई खाला,” मी म्हणालो. “काहीच न्हाई.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. “बराबर,” म्हणाल्या आणि गेल्या. त्या वेळी मला कळलं नाही, नंतर कळलं, त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते. थर्मास घरात नाही, म्हणजे तो चोरानं नेला. म्हणजे चोरानं त्यांना झोपाळ्यावर बघितलं होतं. त्या गाडीकडं बघत होत्या, लेकीशी हसत बोलत होत्या, तेव्हा कुणीतरी अंधारातून त्यांच्याकडं बघत होतं. त्यांची ही भीती खोटी नव्हती. अक्षरशः खरी होती.

त्यानंतर खालांच्या घरातला दिवा विझेनासा झाला. दार वाजलं की आधी खिडकीतून बघायच्या. स्वतःच्याच घरात शिरताना बाहेरून ओरडायच्या, “सलीम, आहेस का रे आत?” त्यांच्या घरात सलीम नावाचं कुणी नव्हतं. मनगट वाकडं बसलं. कापड मशीनखाली सरळ जाईना. शेवटी लेक येऊन त्यांना परतूरला घेऊन गेली. रिक्षात मशीन चढवलं, बोचकी चढवली, आणि खाला बसायच्या आधी गल्लीभर नजर फिरवत उभ्या राहिल्या, प्रत्येक दारावरून. माझ्या बायकोला म्हणाल्या, “भाभी, कुठं जाताल तर दारात चपला ठिवत जावा.”

आता गल्लीत कॅमेरे आहेत. जोडून सुट्टी आली की लोक कॅमेऱ्यांवर भरवसा टाकून जातात आणि लोणारच्या काठावरून फोनमध्ये स्वतःचं दार बघत बसतात. मी जात नाही. बायको आणि मुलगी जातात. मी घर राखतो. संध्याकाळी परभणीकडं जाणारी गाडी जाते. झोपाळा अजूनही कुरकुरत नाही. कुठं फोन थरथरला की माझ्या पाठीतून कळ जाते.

एकदा गेलो होतो परतूरला. बायको माहेरी होती. पिशवीत थर्मास घातला आणि गाडीत बसलो. तासाभराचा प्रवास. आमच्या घरामागून गाडी गेली तेव्हा जाळीतून झोपाळा दिसला, रिकामा. परतूरला उतरलो, फलाटावर बसलो, एक चहा घेतला. लेकीचा पत्ता खिशात होता. समोरून उलटी गाडी आली, तिच्यात चढलो. बायकोनं फोनवर विचारलं, “कुठं गेल्ता?” म्हणालो, “असंच, फिरून आलो.” अजिंठ्यापेक्षा, लोणारपेक्षा जवळ. मी आजवर केलेली सगळ्यात छोटी सहल, आणि तीही अर्धीच.

खाला आहेत. गिरणीवाल्याची बहीण परतूरलाच दिली आहे, तिच्याकडून कळतं. शरीरानं बऱ्या आहेत म्हणे, पण रिकाम्या खोलीत एकट्या पाऊल टाकत नाहीत.

मी त्यांना त्यांचा थर्मास देणं लागतो. आणि त्याबरोबर एवढं एक सांगणं: खाला, त्या संध्याकाळी घरात चोर नव्हता, मी होतो.